पंधरावा सेकंद

१

मी कानांवर पोट भरलं. शिक्षण चौथीपर्यंत. पुढे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत टेपची रिळं उचलायला लागलो, उचलता उचलता ऐकायला लागलो आणि ऐकता ऐकता म्हातारा झालो. आता एका टीव्ही वाहिनीच्या कार्यालयात, संगीत परवानगी विभागात बसतो. तिथे मला मास्तर म्हणतात. चौथी पास माणसाला मास्तर म्हणण्यातली थट्टा मला कळते. पण म्हणणारे आधी खुर्चीतून उठतात आणि मग म्हणतात, म्हणून चालवून घेतो.

काम सोपं आहे. मालिकेचा प्रत्येक भाग दाखवण्याआधी माझ्याकडे येतो. मी हेडफोन लावतो आणि त्यात वाजणारी प्रत्येक धून तक्त्यात लिहितो. कुठे सुरू झाली, किती सेकंद वाजली, कोणाची आहे, मालकाची परवानगी आहे की नाही. मालिकेतला नवरा दाढी करताना शीळ घालतो, तीही लिहायची. शीळ कोणाच्या तरी गाण्याची असते. मालक मेला असेल तर वारस शोधायचा, त्याच्या घरी जायचं, फॉर्मवर सही घ्यायची. कागद वकीलबाई बघतात. दारं मी ठोठावतो.

सेकंद मी बोटांवर मोजतो. भाग कापणारा-जोडणारा संकलक आहे, त्याला सगळे कात्री म्हणतात. त्याने एकदा पैज लावली होती. मी पाठमोरा बसून एकोणनव्वद म्हणालो. मशीन एकोणनव्वद म्हणालं. त्यानंतर पैज नाही.

घरी मी आणि बायको. चौथा मजला, लिफ्ट नाही. अकरा वर्षांपूर्वी तापात तिचे कान गेले. ठार बहिरी आहे. ओठ वाचते. दाराच्या बेलला मी लाल दिवा जोडून दिला आहे, बेल वाजली की दिवाणखान्यात दिवा लागतो.

"तुमचे कान रोज कामाला जातात," ती म्हणते. "माझे पेन्शनीत निघाले."

संध्याकाळी आम्ही मालिका बघतो. मी तक्ता पडताळतो. नट संवाद विसरून काय पुटपुटतो ते ती ओठांवरून सांगते. दोघांत मिळून एक धड माणूस होतो, असं आमच्या मुलीचं म्हणणं. मुलगी सासरी, दूर. वर्षातून एकदा येते. तिच्यासाठी तिसरी खुर्ची ठेवली आहे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मी उगाच घाबरणारा माणूस नाही.

२

नव्या मालिकेत एक आई खिडकीशी उभी राहून मुलाची वाट बघते. रोज. त्या प्रसंगाला धून हवी होती. कात्रीने जुन्या सामानाच्या खोलीतून एक रीळ काढलं. डब्यावर नाव नव्हतं, नुसता पत्ता होता. कधीकाळी कोणीतरी वाहिनीला ऐकण्यासाठी पाठवलेलं आणि कोणीच न ऐकलेलं.

"मास्तर, हे ऐका," तो म्हणाला. "काळीज हलतं."

मी ऐकलं. एकटं व्हायोलिन. चौदा सेकंदांची ओळ. शेवटी एक लांब सूर, जो हळूहळू विरत जातो. वाजवणारा उभा होता. तारांवर व्हायोलिनची कमान घासल्याचा आवाज वरून येत होता, हे कानाला कळतं. खोली लहान, फरशी लाकडी, खिडक्या बंद.

पंधराव्या सेकंदाला, सूर विरत असताना, खाली माइकजवळ खुर्ची करकरली. बसलेला माणूस उठताना करकरते तशी. सोळाव्याला सूर पूर्ण मिटला. मग नुसती टेपची खरखर.

"हा खुर्चीत कोण?" मी विचारलं.

"कुठली खुर्ची?" कात्री म्हणाला. त्याने कान देऊन परत ऐकलं. "हां, आहे बुवा. असेल कोणी ऐकणारा. घरच्या घरी वाजवलंय ना."

असेल. पण ऐकणारा मधूनच का उठेल? आणि बसल्याचा आवाज कुठेच नव्हता. म्हणजे वाजवणारा सुरू करायच्या आधीपासून तो तिथे होता आणि चौदा सेकंद त्याने श्वासही घेतला नव्हता. माणूस श्वास घेतो. टेपवर येतो.

३

पत्त्यावर एक बाई राहत होत्या. माझ्याच वयाच्या. व्हायोलिन वाजवणारा त्यांचा भाऊ. तीन जिने चढून गेलो. उजव्या गुडघ्यात सुरा फिरवल्यासारखं झालं. गुडघ्याचं मी कोणाला सांगत नाही. बायकोलाही नाही. धाप लागली तर जिन्यात थांबून चेहरा नीट करायचा आणि मग बेल दाबायची, अशी माझी रीत.

खोली टापटीप. लाकडी फरशी. मध्यभागी हात असलेली एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर वजनं. दोन लोखंडी इस्त्र्या, विटा, पुस्तकांचे दोरीने बांधलेले गठ्ठे, शिलाई मशीनचं डोकं. खाली जागा असताना सगळं खुर्चीवर. बसायला त्यांनी मला स्टूल दिलं.

मी छोट्या टेपवर धून ऐकवली. चौदाव्या सेकंदाला त्यांनी बोट उचलून मशीन बंद केलं. बघून नव्हे. मोजून. माझ्यासारखंच मोजणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

"सही देते," त्या म्हणाल्या. "पण चौदा सेकंद. पंधरावा नको."

"सूर तुटतो, बाई. अजून दोन दिलेत तर पूर्ण होईल."

"चौदापर्यंत भावाचं आहे. पुढचं त्याचं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"ज्याचं आहे त्याची परवानगी माझ्याकडे नाही."

माझ्या धंद्यात हे उत्तर चोख आहे. जे तुमचं नाही त्याची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही. मला त्यांचा आदर वाटला. तरी विचारलं, "त्या वेळी खोलीत अजून कोण होतं?"

"भाऊ एकटा होता."

"खुर्ची करकरते."

"करकरते," त्या म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.

आता माझी पद्धत सांगतो, कारण सगळं तिथे अडलं आहे. म्हातारी माणसं फॉर्म बघून बिचकतात. मी त्यांना रकाने भरायला लावत नाही. सही तेवढी घेतो, तोंडी ठरतं ते लक्षात ठेवतो आणि कार्यालयात येऊन रकाने माझ्या अक्षरात भरतो. तीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सेकंदांचा रकाना त्यांनी कोरा सोडला. माझ्या भरवशावर.

फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं : ही परवानगी सर्व माध्यमांत, सर्व ठिकाणी, कायमची. ते कोणी वाचत नाही. मीही वाचायचं सोडून दिलं होतं.

४

भाग तयार झाला तेव्हा धून सोळा सेकंद होती.

"दोन सेकंद काढ," मी म्हणालो.

"मास्तर, ऐका तरी. चौदाला कापलं की मानेवर सुरी फिरवल्यासारखं होतं." कात्रीने दोन्ही ऐकवलं. त्याचं खरं होतं. चौदाचं माझ्या कानाला सोसेना.

"मग त्या बाईंकडून दोन सेकंद वाढवून आणा," वकीलबाई म्हणाल्या. "संध्याकाळी भाग जायचाय. चारपर्यंत कागद द्या."

एवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्या विभागाच्या प्रमुख. माझ्या मुलीच्या वयाच्या. "काय अडलंय?" त्यांनी विचारलं आणि ऐकून घेतल्यावर हसल्या. "दोन सेकंदांवरून? मास्तर, पुढच्या वर्षी मशीनच हे सगळं करणार आहे. निदान यंदा तरी मशीनपेक्षा चटपटीत राहा."

सगळे हसले. कात्रीसुद्धा.

मी म्हणालो, "कशाला वाढवून आणायचे? सोळाचीच परवानगी आहे." टेबलाशी गेलो, कोऱ्या रकान्यात सोळा लिहिलं आणि कागद वकीलबाईंच्या हातात दिला.

राग आला म्हणून लिहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सूर तुटत होता म्हणून लिहिलं, असंही सांगितलं. खरं एवढंच की ते तीन जिने मला परत चढायचे नव्हते.

५

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. बायको माझ्या शर्टाचं बटण लावत होती. पडद्यावर आई खिडकीशी गेली. व्हायोलिन सुरू झालं. मी सवयीने बोटांवर मोजत होतो. बारा, तेरा, चौदा.

बायकोने मान वर केली.

"कोण उठलं?" ती म्हणाली.

मला वाटलं, पडद्यावर कोणी उठलं असेल. तिथे आई एकटीच उभी होती. "काय म्हणालीस?"

"खुर्चीतून कोणीतरी उठलं." ती घरात इकडेतिकडे बघत होती. सुई बोटांत तशीच. "अहो, मला ऐकू आलं."

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, तिच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण फरशीवर टाकलं. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. बायको हलली नाही.

मी विचार केला. टीव्ही लाकडी कपाटावर आहे. करकर खालच्या सुराची आहे. कपाट थरथरलं असेल, फरशीतून तिच्या पायांना कळलं असेल. बहिऱ्या माणसांना पायांनी कळतं. विचार बरोबर होता. मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या संध्याकाळी तिने बटणं, सुई काही घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून बसली. धून आली आणि संपली. पडद्यावर जाहिराती लागल्या, तरी ती ऐकत राहिली.

"चालतोय," ती म्हणाली. "लाकडी फरशी आहे. आपल्याकडची नाही."

लाकडी फरशी. हे मी तिला सांगितलं नव्हतं. त्या बाईंच्या खोलीबद्दल मी घरी एक अक्षर बोललो नव्हतो.

६

मी रीळ पुन्हा ऐकलं. कार्यालयातल्या सगळ्यात चांगल्या हेडफोनवर, दार लावून, अकरा वेळा. चौदा सेकंद व्हायोलिन, पंधराव्याला खुर्ची, सोळाव्याला सूर संपला. पुढे खरखर. कात्रीकडे गेलो. त्याने पडद्यावर आवाजाची रेघ काढून दाखवली. व्हायोलिनचे डोंगर, खुर्चीचं एक टेकाड. पुढे सपाट.

"सरळ रेघ, मास्तर. मुंगीसुद्धा चालत नाही. तुम्ही काय शोधताय?"

"काही नाही."

"तब्येत ठीक ना? तोंड उतरलंय."

"माझं तोंड आहे, मी बघतो."

तिसऱ्या संध्याकाळी बायको म्हणाली, तो जिना उतरला. चौथ्या दिवशी रस्त्यावर होता. पाचव्या दिवशी म्हणाली, "आपल्या इमारतीच्या दाराशी आलाय. थांबलाय."

ती घाबरली असती तर बरं झालं असतं. ती खूश होती. केस नीट विंचरून बसायची. अकरा वर्षं जिच्या डोक्यात मिट्ट शांतता, तिला रोज दोन-तीन मिनिटं ऐकू येत होतं.

"माझे कान परत आले," ती म्हणाली. "आणि तुम्ही असे काय बसलात सुतकी चेहरा करून? आता मी ऐकते आणि तुम्हाला ऐकू येत नाही, हे सलतंय ना? कानामागून आली आणि तिखट झाली!"

"काय ऐकतेस ते तरी नीट सांग."

"पावलं. जड आहेत. घाई नाही त्याला."

मालिका शनिवार-रविवार नसते. त्या दोन दिवसांत ती घरभर फिरत राहिली. दोनदा दार उघडून जिन्यात डोकावून आली. "तिथेच असेल ना हो?" तिने मला विचारलं.

सोमवारी तो पहिल्या मजल्यावर आला. मंगळवारी मी टीव्ही लावला नाही. तिने वाद घातला नाही, दाराकडे तोंड करून खुर्ची ठेवली आणि बसली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. व्हायोलिन मला भिंतीतून ऐकू आलं, मग करकर. ती हसली आणि दोन बोटं दाखवली. दुसरा मजला.

तिला कुठे घेऊन जावं, याचा विचार केला. टीव्ही नाही असं घर आठवेना.

बुधवारी ती म्हणाली, "तिसरा." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, हा जिन्यात मधेमधे थांबतो. का थांबत असेल?"

जिन्यात थांबणारा मला एकच माणूस माहीत होता.

७

गुरुवारी सकाळी निघताना मी तिच्यासमोर उभा राहिलो, म्हणजे माझे ओठ नीट दिसतील. "आज कोणालाही दार उघडायचं नाही. दिवा लागला तरी नाही. मी किल्लीने येईन."

"आणि दिवा न लागता बेल वाजली तर?"

"तरी नाही."

"कमाल करता तुम्ही. आल्या माणसाला दारात ठेवायचं?"

"माझी शपथ आहे," मी म्हणालो. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. शपथ मी पहिल्यांदा घातली. ती चपापली आणि मान हलवली.

मग मी त्या बाईंकडे गेलो. तीन जिने. चेहरा नीट न करताच बेल दाबली.

त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. खोलीच्या मध्यभागी खुर्ची रिकामी होती. विटा, इस्त्र्या, पुस्तकं, सगळं भिंतीशी ओळीने रचलेलं.

"वजनं काढलीत?" मी म्हणालो.

"आता कशाला ठेवू? तो कधीच उठून गेला. परवानगी कोणी दिली?"

"मी."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "तुमच्या घरात कोणाला ऐकू येत नाही?"

"बायकोला."

त्या म्हणाल्या, "भावाचेही कान जात होते. शेवटच्या वर्षी त्याला स्वतःचं व्हायोलिन ऐकू येत नव्हतं. पावलं ऐकू यायची. मला फक्त खुर्ची ऐकू यायची, तुम्हाला येते तशी. तो म्हणायचा, ताई, कोणीतरी चालतंय, किती स्पष्ट ऐकू येतंय. एक दिवस म्हणाला, बेल वाजतेय. दार उघडलं आणि त्या पावलांच्या मागे निघाला. चपला घालून, केस विंचरून. मी जिन्यात धावले. दुसऱ्या मजल्यावर व्हायोलिनची कमान सापडली."

"आणि भाऊ?"

"आठ दिवसांनी खुर्ची करकरली. कोणीतरी बसल्यासारखी. भाऊ आला नाही." त्यांनी दार धरलं. "तिला दार उघडू देऊ नका. जा. इथे काय उभे राहिलात?"

८

कार्यालयात गेलो तेव्हा एक वाजून गेला होता. मोठ्या बाईंच्या खोलीत वकीलबाई आणि कात्री होते. मी तिघांसमोर सांगितलं. परवानगी चौदाची होती, सोळा मी लिहिलं. खोटं लिहिलं. धून आजच्या आज कापा.

कोणी हसलं नाही. मी चुकलो म्हणताना त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, पण मास्तर," मोठ्या बाई म्हणाल्या, "बाईंनी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग?"

"कापा."

कात्री उठला. "आजच्या भागापासून कापतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"झालेले भाग?"

वकीलबाईंनी माझा फॉर्म समोर सरकवला आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "ते आता थांबत नाहीत. सर्व माध्यमांत, सर्व ठिकाणी, कायमची. आठही भाग गेलेत सगळीकडे. आजपासून रोज दुपारी दोनला पुन्हा दाखवणार, पहिल्या भागापासून."

भिंतीवरच्या घड्याळात एक पस्तीस झाले होते.

रस्ता अर्ध्या तासाचा. इमारतीशी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पहिल्या मजल्यावर एका घरात ती मालिका लागली होती, दुसऱ्यावर दोन घरांत. जिना चढताना बंद दारांमागून संवाद येत होते, एका दारातून सुटलेलं वाक्य पुढच्या दारात पुरं होत होतं. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्याने दगा दिला. कठडा धरून थांबलो. निघालो. तिसऱ्यावर पुन्हा थांबलो, आणि तिथे धून सुरू झाली. वरून, खालून, डावीकडून. सगळ्या घरांत एकच व्हायोलिन. मी मोजलं नाही. बोटांनी आपोआप मोजलं. पंधराव्याला सगळ्या इमारतीत मिळून एक खुर्ची करकरली.

मी मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. कान लावून ऐकलं. माझी धाप सोडून काही नव्हतं. माझ्या मागे कोणी नाही, असं माझे कान म्हणाले, आणि माझे कान कधी चुकले नव्हते.

उरलेला जिना चढलो. किल्ली लावली. दार उघडलं.

बायको दाराकडे तोंड करून उभी होती. अंगावर बाहेर जायची साडी. केस विंचरलेले. पायात बाहेरच्या चपला.

"उघडलं नाहीस ना दार?" मी म्हणालो.

"नाही हो. केव्हाची बेल वाजवत होता बिचारा. मी जागची हलले नाही. तुम्ही शपथ घातली होती ना."

माझा जीव भांड्यात पडला. दाराची कडी धरून मी हसलो. मग लक्षात आलं की ती माझ्याकडे बघत नाही. ती नेहमी माझे ओठ बघते. आता तिची नजर माझ्या डोक्याच्या वर होती. वीतभर वर. माझ्या मागे.

"आता तुम्हीच उघडलंत," ती म्हणाली. "मग आत घ्या की त्यांना. दारात काय उभं करून ठेवता?"

मी वळलो नाही. वळायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिचे डोळे बघत होतो. ते हळूहळू सरकले. माझ्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून खोलीत, टेबलाच्या बाजूने. एका चालीने, घाई नाही. मुलीच्या खुर्चीशी थांबले. मग खाली आले.

खुर्ची करकरली. तो सूर मी आयुष्यात कुठेही ओळखला असता.

बायकोने दोन्ही कानांवर हात नेले. "थांबलं," ती म्हणाली. "अहो, थांबलं. काहीच ऐकू येत नाही." आणि त्या खुर्चीकडे, उठवायला जावं तसं, तिने एक पाऊल टाकलं.

घरात विटा नव्हत्या. वजनाची एकच वस्तू हाताशी होती. मी तिच्या पुढे गेलो आणि त्या खुर्चीत बसलो.

९

त्याला एकवीस दिवस झाले. हे मी खुर्चीतच लिहितो आहे. जेवतो इथेच, डोळा लागतो तोही इथेच. बसून कसं वाटतं ते लिहिणार नाही. थंड नाही, एवढं सांगतो.

नोकरी सोडल्याचा कागद वकीलबाई घरी येऊन घेऊन गेल्या. सही मी केली, रकाने त्यांनी माझ्यासमोर भरले. कात्री दोनदा आला. "मास्तर, चला, खाली चक्कर मारू," म्हणाला. त्याच्याकडून मी विटा मागवल्या. कशाला हव्यात, ते त्याने विचारलं नाही. नंतर मुलीला फोन केला असावा, कारण ती येते आहे.

उठावं लागतंच. तेव्हा विटा आणि दोन इस्त्र्या ठेवतो आणि लवकर परततो. परवा आलो तर विटा भिंतीशी नीट रचलेल्या होत्या. बायको फडकं घेऊन उभी होती. "किती ओझं टाकता हो त्याच्यावर," ती म्हणाली. मी तिला ढकलून बसलो. ढकलून. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी दोनला खालच्या घरांतून धून येते. पंधराव्याला मी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून धरतो. खुर्ची करकरते. मी हललेलो नसतो.

तिला काही ऐकू येत नाही. ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसते, चपला घालून. "परत कधी चालेल हो तो?" असं विचारते. अकरा वर्षांनी तिला मिळालं होतं, आणि मी त्याच्यावर बसलो आहे. हे तिला कळतं की नाही, मला कळत नाही.

"तुम्ही उठत का नाही?" ती विचारते.

"गुडघा," मी म्हणतो. जन्मात मी गुडघ्याचं नाव काढलं नव्हतं. आता दिवसातून दहा वेळा काढतो.

ती मान हलवते. माझे ओठ वाचत नाही. माझ्या डोक्याच्या वर, वीतभर वर बघत राहते.